लिनक्सवर नेट गेलंय? ड्रायव्हरला हात लावू नका

लिनक्सवर नेट अडलं की 'ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्राम) टाक', 'उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) परत घाल' असं सांगणारे लगेच भेटतात. काल चालत होतं आणि मध्ये कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट झालेलं नाही, तर ड्रायव्हर बहुधा निर्दोष आहे.

त्याच वायफायवर मोबाइलचं नेटही बंद असेल, तर राउटर बंद-चालू करा. तरी नाही आलं तर केबलवाल्याला फोन. फक्त लॅपटॉपच अडला असेल तर एअरप्लेन मोड एकदा बघून घ्या (हसू नका) आणि टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा.

आधी राउटरला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता टाका आणि पलीकडून उत्तर येतं का बघा. त्याचा पत्ता वायफाय सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट राउट'समोर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. उत्तर आलं नाही तर वायफाय तोडून परत जोडा. आलं तर ८.८.८.८ ला (हा गूगलचा डीएनएस सर्व्हर) पिंग करा. पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल-सी दाबा.

८.८.८.८ उत्तर देतो, पण विकिपीडिया डॉट ऑर्ग सापडत नाही? म्हणजे नेट आहे. नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बिघडलंय. वाईट सल्ल्यांचा सुकाळ इथेच आहे. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये ८.८.८.८ लिही' हा त्यातला सगळ्यात लाडका. उबुंटूत ही फाइल सिस्टिमडी-रिझॉल्व्हड हा डीएनएस सांभाळणारा प्रोग्राम तयार करतो. आत १२७.०.०.५३ हा मशीनचा स्वतःचाच पत्ता असतो आणि हाताने बदल करू नका असं वरच लिहिलेलं असतं. तुम्ही लिहिलेलं रीस्टार्टनंतर गायब. काही महाभाग मग फाइलला कुलूपच घालतात. पुढे ऑफिसचा व्हीपीएन लावला की ऑफिसच्या आतली नावं सापडत नाहीत, आणि दोष लिनक्सला.

बदल करायचा तो कनेक्शनमध्येच. वायफायच्या नावाशेजारचं दातेरी चाक, आयपीव्ही४, डीएनएससमोरचं 'ऑटोमॅटिक' बंद, खाली १.१.१.१, ८.८.८.८ असं स्वल्पविराम देऊन लिहा. मला सर्वांत जास्त छळलं ते याच्या पुढच्या गोष्टीने: शेजारच्या आयपीव्ही६ च्या पानावर डीएनएससमोरचं 'ऑटोमॅटिक' चालूच राहतं, आणि राउटरचं तेच बिघडलेलं डीएनएस त्या दाराने आत येतं. तेही बंद करा. मग 'अप्लाय' दाबून वायफाय एकदा बंद-चालू करा. नुसत्या अप्लायवर नवे पत्ते लागू होतीलच असं नाही.

तपासणी ब्राउझरमध्ये करू नका. त्याचं स्वतःचं सुरक्षित डीएनएस चालू असेल तर तो तुम्हाला खुशाल फसवेल. टर्मिनलमध्ये नावाला पिंग करा.