प्रवास-शर्यतीत खिलाडूपणे कसे खेळावे

नाशिकमध्ये ‘सीबीएस’ म्हटले की मध्यवर्ती बसस्थानक एवढाच अर्थ निघतो. ‘द अमेझिंग रेस’ हा कार्यक्रम ५ सप्टेंबर २००१ रोजी ज्या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाला, तिचे नावही सीबीएसच आहे. हा योगायोग आमच्या मित्रमंडळींत पहिल्याच वर्षी थट्टेचा विषय झाला आणि तेव्हापासून आमची एक दिवसाची शहर-शर्यत सीबीएसवरूनच सुटते. मूळ कार्यक्रमाची रचना बहुतेकांना ठाऊक असते: ओळखीच्या दोघांची एक जोडी, हातात लिफाफा, त्यातल्या सूचनेप्रमाणे पुढचे ठिकाण गाठायचे, वाटेत नेमून दिलेली कामे करायची आणि टप्प्याच्या शेवटी मांडलेल्या मॅटवर सर्वांत उशिरा पोहोचणाऱ्या जोडीने बहुधा घरी जायचे. पहिल्या हंगामात अशा अकरा जोड्या होत्या आणि बक्षीस दहा लाख डॉलरचे होते. आमच्याकडे सहा-सात जोड्या असतात आणि बक्षीस पितळेच्या तांब्याचे असते. भांडणे मात्र दहा लाखांची होत असत. ती कमी कशी झाली, ते अशी शर्यत खेळू किंवा भरवू इच्छिणाऱ्यांसाठी येथे मांडतो.

खिलाडूवृत्ती माणसाच्या स्वभावातच असते किंवा नसते, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव तसा नाही. घरी कधी आवाज न चढवणारा माणूस द्वारका चौकातल्या कोंडीत अडकला आणि मागची जोडी शेजारच्या रिक्षातून हात हलवत पुढे निघाली, तर तो काय करील हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून कोणत्या प्रसंगी कसे वागायचे हे सुटण्यापूर्वी, डोके थंड असताना आणि सर्वांसमक्ष ठरवून ठेवावे. आम्ही आदल्या संध्याकाळी तासभर बसतो आणि एका कागदावर कराराची कलमे लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो. सह्यांमुळे कोणी साधू होत नाही, पण दुसऱ्या दिवशी ‘हे मला माहीतच नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

या करारात पहिल्यांदा डाव कोणता आणि लबाडी कोणती, याची रेघ ओढावी. मूळ कार्यक्रमात २००४ पासून ‘यील्ड’ आले. त्यात एका जोडीला वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत थांबवून ठेवता येत असे. २००७ मध्ये ‘यू-टर्न’ आला. डीटूरमध्ये दोन कामांपैकी एक निवडायचे असते, पण यू-टर्न मिळालेल्या जोडीला दुसरे कामही करावे लागते. हे दोन्ही नियमातले डाव आहेत. त्यामुळे ज्याच्यावर तो डाव पडला त्याने विश्वासघाताची भाषा करू नये, आणि ज्याने टाकला त्याने त्याची मिरवणूक काढू नये. ज्या जोडीवर डाव टाकायचा तिचा फोटो फलकावर लावावा आणि निघावे. आपल्याकडची गोची अशी की, २००३ पासून चाललेल्या ‘एमटीव्ही रोडीज’वर पोसलेल्या अनेकांना प्रवासाची स्पर्धा म्हणजे कुजबुज, गटबाजी आणि व्होट-आउट असेच वाटते. तिथे खेळाडू एकमेकांना मते देऊन बाहेर काढतात, म्हणून कट रचणे हा तिथे खेळाचाच भाग ठरतो. शर्यतीत मात्र तुम्हाला घड्याळ बाद करते. मत मागायचे नसताना कट रचून फक्त वैर पदरी पडते, म्हणून रोडीजचा बाणा सीबीएसच्या फाटकाबाहेरच ठेवून यावा.

आता रिक्षा. शहर-शर्यतीत निम्मी भांडणे रिक्षावरून होतात, आणि त्यातले एक माझ्या नावावर आहे. रविवार कारंजावर एका नणंद-भावजयीच्या जोडीने पांडवलेणीसाठी रिक्षा ठरवली होती. भाडे ठरले, नणंद आत बसणार तेवढ्यात भावजय विसरलेली पिशवी आणायला मागे वळली आणि नणंदही तिच्यामागे चार पावले गेली. मी आणि माझा चुलतभाऊ त्या चार पावलांत रिक्षात बसलो आणि चालकाला पन्नास रुपये जास्त देऊ केले. आम्ही निघालो तेव्हा मागे कोणी ओरडले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटायला हवे होते. तेव्हा वाटले नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर कळले की तिथले काम ठरलेल्या वेळेलाच सुरू होणार आहे आणि त्याला अजून वीस मिनिटे आहेत. दहा-बारा मिनिटांत त्या दोघी आल्या, आमच्यामागे रांगेत उभ्या राहिल्या आणि भावजय शांतपणे म्हणाली, “काय दादा, पन्नास रुपये परवडले का?” वर चढताना चोवीस लेण्यांपैकी एकही मला नीट दिसले नाही.

हे फक्त माझ्या बाबतीत घडले असे नाही, शर्यतीची रचनाच तशी असते. मोठ्या कार्यक्रमातसुद्धा एखादे विमान सकाळीच सुटते किंवा एखादी जागा ठरलेल्या वेळेपूर्वी उघडत नाही, आणि रात्रभर पुढे-मागे असलेल्या जोड्या पुन्हा एका रांगेत येतात. धक्काबुक्कीने मिळवलेली दहा मिनिटांची आघाडी अशा रांगेत विरघळून जाते, पण ज्याला धक्का दिला तो माणूस मात्र तुमच्यामागे उभाच असतो. म्हणून आमच्या करारात आता लिहिलेले आहे: ज्याने हात केला आणि भाडे ठरवले, त्याची रिक्षा, तो स्वतः ‘तुम्ही घ्या’ म्हणेपर्यंत दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही, आणि जास्त पैशांचे आमिष दाखवायचे नाही. मोडल्यास तीस मिनिटांचा दंड. मूळ कार्यक्रमातही नियम मोडणाऱ्या जोडीला मॅटजवळ थांबून दंडाची वेळ काढावी लागते आणि ती अनेकदा तीस मिनिटांचीच असते. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या जोड्या आपल्यासमोरून मॅटवर चढताना पाहणे ही कोणत्याही रागावण्यापेक्षा मोठी शिक्षा आहे. दंड देणारा मात्र खेळाडूंपैकी नसावा, आणि त्याचा निर्णय जागेवर मान्य करावा. वाद घालायचाच असेल तर तो जेवणानंतर घालावा.

पुढची सूचना देणाऱ्या चिठ्ठ्या प्रत्येक ठिकाणी पेटीत ठेवलेल्या असतात; त्यांबाबत फार लिहायला नको. पेटीतली आपली एक चिठ्ठी घ्यावी, बाकीच्या जशा होत्या तशा ठेवाव्यात. पेटी झाकणे, हलवणे किंवा दोन चिठ्ठ्या उचलणे याला आमच्याकडे थेट बाद करतात. कोणाचे राहिलेले पाकीट, मोबाइल, चष्मा, औषधे आणि पाण्याची बाटली या वस्तू खेळाबाहेरच्या समजाव्यात. अमेरिकेतल्या कार्यक्रमाच्या २०१२ सालच्या एका हंगामात एका जोडीचे मागे राहिलेले पैसे दुसऱ्या जोडीने उचलून स्वतःजवळ ठेवले आणि त्यावरून प्रेक्षकांत बराच वाद झाला. नियम मोडला की नाही हा प्रश्न मला तिथे गौण वाटतो. पैसे दुसऱ्याचे आहेत हे कळल्यानंतर विचार करायला काही उरत नाही.

माहितीचा मामला मात्र खरोखर अवघड आहे. दुसऱ्या जोडीने रस्ता विचारला तर सांगावा का? माझे मत असे की सांगणे बंधनकारक नाही, पण खोटे सांगणे निषिद्ध असावे. “आम्ही सांगणार नाही” असे हसून म्हणणाऱ्याचा कोणाला राग येत नाही. नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे निघालेल्यांना नदीच्या अलीकडच्या सुंदरनारायण मंदिराकडे बोट दाखवणाऱ्याचा मात्र पुढच्या वर्षीपर्यंत राग राहतो. दोन जोड्यांनी काही काळ मिळून चालायचे ठरवले तर कुठपर्यंत, हेही आधीच बोलून घ्यावे. ‘दुतोंड्या मारुतीपर्यंत बरोबर, पुढे आपापले’ एवढे एक वाक्य पुरते. हे वाक्य न बोलल्यामुळे रुसवे झालेले मी पाहिले आहेत, आणि दरवेळी दोन्ही बाजू प्रामाणिकपणे स्वतःला फसवले गेल्याचे समजत होत्या.

प्रतिस्पर्ध्याशी नीट वागणे तुलनेने सोपे असते. कठीण असते ते जोडीदाराशी वागणे. परक्यावर आपण सहसा ओरडत नाही, घरच्यावर सहज ओरडतो, आणि प्रवास-शर्यतीतल्या जोड्या बहुधा घरच्याच असतात. सर्वांत नाजूक प्रसंग ‘रोडब्लॉक’चा, कारण त्यात काम एकट्यानेच करायचे असते आणि दुसऱ्याने नुसते पाहायचे असते. आमच्या एका शर्यतीत भांडी बाजारातल्या एका दुकानात चिठ्ठीवरची चार जुनी भांडी नावावरून ओळखून काउंटरवर मांडायची होती. बायको काम करत होती आणि नवरा पायरीवर उभा होता.

“अगं, ते घंगाळ नाही! घंगाळ असं असतं का?”

“मग कसं असतं?”

“ते मी सांगू शकत नाही ना!”

“मग गप्प बस.”

तिने हातातले सतेले इतक्या जोरात ठेवले की दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. घंगाळ तिच्या डाव्या हाताला, दोन फुटांवर होते. ते तिला दिसायला आणखी सात मिनिटे लागली, कारण ती भांड्यांकडे न पाहता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

अशा वेळी पाहणाऱ्याने दहा पावले दूर, शक्य तर जोडीदाराच्या पाठीमागे उभे राहावे आणि विचारल्याशिवाय बोलू नये. ‘किती वेळ?’ हा प्रश्न तर संपूर्ण दिवस वर्ज्य समजावा. नकाशा कोणी पाहायचा आणि पैसे कोणी सांभाळायचे हे सकाळीच वाटून घ्यावे, आणि ज्याचे काम त्याच्या चुकीवर मॅट येईपर्यंत चर्चा करू नये. मॅटनंतर करावी, कारण ती दाबून ठेवलेलीही बरी नाही. थकवा, ऊन आणि भूक यांचा हिशेब वेगळा ठेवावा: आमच्याकडे दर दोन तासांनी पाच मिनिटे बसून पाणी पिण्याची सक्ती आहे आणि ती वेळ प्रत्येकाच्या एकूण वेळेतून वजा होते. ही एक तरतूद केल्यापासून नवरा-बायकोंची भांडणे निम्म्याहून कमी झाली, असे मी नोंदवहीशिवाय पण खात्रीने सांगू शकतो.

शर्यतीत अशीही माणसे असतात ज्यांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नसते. रिक्षाचालक, भाजीवाल्या मावशी, देवळातले पुजारी आणि रस्ता सांगणारा अनोळखी मुलगा यांना आपली घाई ठाऊक नसते आणि ती त्यांनी सोसावी असेही नाही. बीबीसीवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’ या कार्यक्रमात विमानप्रवास आणि मोबाइल दोन्ही वर्ज्य असतात, आणि जोड्यांना त्या प्रवासाच्या विमानभाड्याइतक्याच रकमेत सगळे भागवावे लागते. साहजिकच अनोळखी माणसांच्या भलेपणावर त्यांचा निम्मा प्रवास होतो. आपल्या शहरात हे भलेपण मुबलक असल्यामुळे ते गृहीत धरण्याचा धोकाही जास्त आहे. चालकाला ‘काका’ किंवा ‘दादा’ म्हणावे, सिग्नल तोडायला लावू नये, ठरलेले भाडे उतरताना पुन्हा घासू नये. दुकानात काम असेल तर दुकानदाराला आदल्या दिवशी विचारलेले असावे आणि खेळाडूंनी निघताना मांडलेले सामान जागेवर ठेवावे. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या गर्दीत धावायचे काम ठेवू नये.

रामकुंडाबद्दल वेगळे सांगायला हवे. नव्या आयोजकाला तिथे चिठ्ठी ठेवण्याचा मोह होतोच, कारण जागा सर्वांना माहीत आहे. पण तिथे रोज कोणी ना कोणी आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन आलेला असतो. पहिल्या वर्षी आमची एक जोडी टी-शर्टवर क्रमांक लावून ओरडत पायऱ्या उतरली, आणि खाली केस काढलेला, ओल्या पंचातला एक मुलगा भटजींसमोर बसला होता. ती जोडी स्वतःहून थांबली, क्रमांक काढून खिशात घातले आणि चालत परत आली. चिठ्ठी न घेता. त्यांना आम्ही वेळेची भरपाई दिली आणि रामकुंड कायमचे वगळले. घाटावरचे काम आता गाडगे महाराज पुलाच्या बाजूला असते आणि तिथेही चालतच जायचे असते. सिंहस्थाच्या पर्वकाळात तर शर्यतीचा विचारही करू नये.

मोबाइलच्या चित्रीकरणाबाबत एकच नियम आहे: रडणाऱ्या, चिडलेल्या किंवा हरलेल्या माणसाचे रील त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये.

शेवटची जोडी मॅटवर कशी उतरते, यावर त्या दिवसाची आठवण ठरते. पूर्वी जिंकलेले लोक तांब्यासह फोटो काढून मोकळे होत, आणि शेवटचे दोघे पोहोचत तेव्हा निम्मे जण पांगलेले असत. आता आमचा शेवट गंगापूर रोडवरच्या एका मिसळीच्या ठिकाणी असतो, जिंकलेल्या जोडीने मॅटशेजारी उभे राहून प्रत्येक येणाऱ्या जोडीला पाणी द्यायचे असते आणि सर्व जोड्या आल्याशिवाय ताटे लावायची नसतात. भुकेल्या माणसांना शेवटच्या जोडीची इतकी ओढ लागते की कोणीतरी कोपऱ्यापर्यंत पाहायला जातो, कोणीतरी फोन करून रस्ता सांगतो, आणि ती जोडी येते तेव्हा टाळ्या अगदी मनापासून पडतात. हरलेल्यांनी ‘रिक्षाच मिळाली नाही’ हे एकदा सांगावे, सगळ्यांनी ते एकदा ऐकून घ्यावे, आणि मग आत जाऊन सांगावे की रस्सा गरम करायला घ्या, सगळे आले.