घरची कोल्ड कॉफी बिघडते कुठे? या चुका टाळा

ऊन तापायला लागलं की मला भाचेमंडळींचे फोन सुरू होतात. "मावशी, कॉफी पाणचट झाली गं", "मावशी, कडू लागतेय", आणि दरवेळी निघतात त्याच त्या चुका. एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी पुडा वाचा. इन्स्टंट आणि फिल्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. इन्स्टंट म्हणजे एकदा काढलेली कॉफी वाळवून केलेली पूड, ती विरघळते. फिल्टरची म्हणजे भाजून दळलेल्या बिया, त्या जन्मात विरघळणार नाहीत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळा देश डालगोना, म्हणजे फेसाळ होईपर्यंत फेटून दुधावर घालायची कॉफी, फेटत होता तेव्हा माझ्या भाच्याने व्हिडिओ कॉल केला, पाऊण तास फेटतोय, हात भरून आला, फेसच येईना. वाटी कॅमेऱ्यापुढे धरली तर आत काळा चिखल! म्हटलं पुडा दाखव, तर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली फिल्टर कॉफी, त्याच्या आईने खास दळून आणलेली. डालगोनाला इन्स्टंटच लागते, कॉफी, साखर आणि गरम पाणी सारख्या मापाने, बस. शेवटी त्या चिखलात उकळतं पाणी ओतायला लावलं, दहा मिनिटं झाकून ठेवलं, मग फडक्यातून गाळून थंड करून दुधात घातलं. चांगली लागली म्हणे. आता ती तो स्वतःची रेसिपी म्हणून मित्रांना सांगतो.

दुसरी चूक म्हणजे गरम कॉफी थेट बर्फावर ओतणं. यावर माझी वादावादी ठरलेली, "मावशी, बर्फ जास्त टाकला की झालं ना!" नाही झालं. दहावीच्या विज्ञानात अप्रकट उष्मा शिकलात ना, 1 ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी? मग करा हिशोब. 80 अंशाची 100 मिली कॉफी 5 अंशावर आणायची तर अंदाजे 90 ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे कपभर कॉफीत जवळजवळ कपभर पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने घातलंत, आणि वर पुडा बदलून बघता! थांबायला वेळच नसेल तर कॉफी दुप्पट कडक करा. मी काय करते तर रात्री जेवणं झाली की स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे पावडर घालून वर छोटा कपभर उकळतं पाणी ओतते आणि झोपते, सकाळी खालच्या भांड्यात गळून आलेला कडक अर्क, म्हणजे डिकॉक्शन, फ्रीजमध्ये. उरलंसुरलं बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचं, कॉफीचाच बर्फ, कितीही वितळू दे. पण हे आदल्या रात्री आठवायला हवं, आणि आठवतं कुणाला, पाहुणे दारात आल्यावर फ्रीज उघडायची सवय.

इन्स्टंटवाल्यांनी पूड आणि साखर दोन्ही आधी दोन-तीन चमचे गरम पाण्यात विरघळवून घ्यावं. गार दुधात टाकलेली साखर तळाशी बसते आणि शेवटच्या घोटाला तोंड वाकडं होतं. ग्लासभर दुधाला दोन छोटे चमचे कॉफी, साखर आपापल्या जिभेप्रमाणे.

गरम कॉफी मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण दाबू नका. वाफेने झाकण उडतं. आमच्या ओट्यावरच्या टाइल्सच्या फटीत अजून तपकिरी रेघ आहे, जास्त विचारू नका.

दूध तापवून गार करा, साय काढा, मग पंधरा-वीस मिनिटं फ्रीजरमध्ये, कडेला बर्फाची पापडी धरेपर्यंत. म्हशीचं सायीसकट गार दूध घालून मिक्सर तीन-चार मिनिटं फिरवत बसलात तर वर लोण्याचे कण तरंगतात, ताक घुसळल्यासारखं. अर्ध्या मिनिटाच्या वर फिरवायची गरजच नसते. आइस्क्रीम घालायचं असेल तर शेवटी, एकच फिरकी.

बर्फाला लसणाचा वास येतोय? मग कॉफीलाही येणार. फ्रीजरमध्ये बोंबील आणि वाटणाचे डबे असतील तर ट्रेवर झाकण ठेवा.

कोल्ड ब्रूचं, म्हणजे गार पाण्यात भिजवून काढलेल्या कॉफीचं, खूळ असेल त्यांनी बिनचिकोरीची, रव्यापेक्षा जाड दळलेली पावडर घ्यावी, 50 ग्रॅमला 400 मिली साधं पाणी, फ्रीजमध्ये रात्रभर, चांगले चौदा-पंधरा तास. बारीक पावडर वापरली तर गाळणं तुंबतं आणि तासभर ओट्याशी उभं राहावं लागतं. चार तासांत होईल का असं विचारणाऱ्यांनी इन्स्टंटच प्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

आणि ते ग्लासच्या आतून चॉकलेट सिरपची नक्षी काढायची असेल तर ग्लास आधी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर सगळं ओघळून तळाशी जमतं. मी काढत नाही, नंतर ग्लास घासायला मलाच लागतात.