नागपुरातल्या कंपनीचं नेटवर्क क्लाउडसाठी तयार करायचं तर सुरुवात कुठून करायची

बुटीबोरी, हिंगणा, मिहान, कळमना, कुठेही जा, सध्या सगळे एकच विचारून राहिले, सर्व्हर क्लाउडवर न्यायचा आहे, कोणता क्लाउड घेऊ? माझं मत सरळ आहे, क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, कोणता क्लाउड हा नंतरचा प्रश्न. आधी हे पाहा की तुमच्या ऑफिसातून बाहेर निघणारी केबल कुठून कुठे जाते. सर्व्हर आपल्याच खोलीत होता तेव्हा नेट गेलं तर ईमेल थांबायचे पण बिलिंग चालू राहायचं, सर्व्हर मुंबईला गेला की नेट गेलं म्हणजे गेटपास पण निघत नाही, ट्रक भरून गेटवर उभा आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहतो.

हे आकड्यात पाहा. क्लाउडवाले ९९.९९ टक्के वेळ चालू राहील असं सांगतात, म्हणजे वर्षात साधारण ५३ मिनिटं बंद. तुमची लाइन ९९.५ टक्के असेल तर ती वर्षात जवळपास ४४ तास बंद. मग तुमच्या माणसासाठी सिस्टीम ४४ तासांपेक्षा जास्तच बंद राहणार, वर कितीही महागाचा क्लाउड घ्या. म्हणून पैसे आधी इकडच्या टोकाला लावायचे.

पहिलं काम कागदावरचं. कोणतं सॉफ्टवेअर कोणाशी बोलते, डेटाबेस कुठे आहे, किती लोक वापरतात, किती वेळ बंद चालेल आणि किती वेळचा डेटा गेला तर पुन्हा टाकता येईल, याचा एक तक्ता करा. शेवटचे दोन प्रश्न आयटीवाल्याला विचारू नका, अकाउंट्समधल्या मॅडमला आणि डिस्पॅचच्या भाऊला विचारा, खरं उत्तर तिथंच भेटते. ट्रॅफिक मोजायचं तर महिनाअखेरीला आणि जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास मोजा, मधल्या शांत आठवड्यात मोजून काही कळत नाही. फायरवॉलमध्ये नेटफ्लो, म्हणजे कोण कोणाकडे किती डेटा पाठवते याची नोंद, असेल तर तो चालू करून ठेवा, नसेल तर स्विचच्या पोर्टचा ग्राफ पण चालतो.

आता जिथं सगळ्यात जास्त लोक फसतात ते. बँडविड्थ, म्हणजे एका वेळी किती डेटा जातो, हे सगळे विचारतात, लेटन्सी, म्हणजे एक प्रश्न जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, हे कोणी विचारत नाही. जुनं ईआरपी (बिलिंग, स्टॉक, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल, म्हणजे क्लायंट (स्क्रीन दाखवणारा भाग) तुमच्या कॉम्प्युटरवर आणि डेटाबेस सर्व्हरवर, तर एक स्क्रीन उघडायला ते डेटाबेसला शेकडो छोटे छोटे प्रश्न विचारते आणि एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विचारत नाही. पंगतीत वाढपी प्रत्येक पोळीसाठी भटारखान्यात परत जाऊन राहिला तर कसं होईल, तसं. समजा ३०० प्रश्न आहेत. ऑफिसच्या लॅनवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद, एकूण ०.१५ सेकंद, कोणाला जाणवत पण नाही. तोच डेटाबेस २० मिलिसेकंद दूर गेला की तीच स्क्रीन ६ सेकंद घेते, आणि तुम्ही १०० एमबीपीएसची लाइन ५०० ची केली तरी ६ सेकंदच घेते. मग सगळे म्हणतात क्लाउड स्लो आहे. क्लाउड स्लो नाही, डेटाबेस एकटा पाठवला आणि क्लायंट इथंच ठेवला हे चुकलं. असं सॉफ्टवेअर न्यायचं तर दोन्ही सोबत न्या आणि लोकांना रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरची स्क्रीन इथं पाहून, वापरायला द्या, नाहीतर वेब व्हर्जन घ्या, दोन्ही जमत नसेल तर ते सॉफ्टवेअर सध्या इथंच राहू द्या. सगळं एकदम गेलंच पाहिजे असं काही नाही.

झिरो माइल आपल्याकडे आहे, नकाशात आपण देशाच्या मधोमध, म्हणून नेटवर्कमध्ये पण मधोमध असू असं वाटते. तसं नाही. एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, मुंबई रीजन (एका भागातली डेटा सेंटर) २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून, गूगलचे मुंबई आणि दिल्लीला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अझुरचं जे सेंट्रल इंडिया नावाचं रीजन आहे ते पुण्यात आहे, नावावर जाऊ नका. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई समृद्धीने ७०१ किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद हा कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही आणि मधे राउटर असतात, दुप्पट-तिप्पट दिसलं तर नवल नाही. हैदराबाद आपल्याला रस्त्याने जवळ, पण तुमच्या कंपनीची लाइन आधी मुंबईला जाऊन मग हैदराबादला वळत असेल तर त्या जवळपणाचा काही उपयोग नाही. म्हणून रीजन ठरवायच्या आधी दोन्हीकडे एकेक छोटी मशीन चालू करा, आपल्या ऑफिसातून दोन-तीन दिवस पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो) आणि ट्रेसराउट (कोणत्या रस्त्याने जाते) चालवून ठेवा, संध्याकाळचे आकडे वेगळे येतात ते पण पाहा. जे कमी आणि स्थिर येईल ते मुख्य, दुसरं डीआरसाठी, म्हणजे मुख्य बंद पडलं तर चालवायला.

आता लाइन. दोन लाइन घ्या हे सगळेच सांगतात, पण दोन कंपन्यांची बिलं येणं म्हणजे दोन लाइन असणं नव्हे. हे काम स्वतः करा, कोणावर सोडू नका. रॅकपासून केबल धरून चालायला लागा. रॅकमधून फॉल्स सीलिंग, तिथून जिन्याची शाफ्ट, खाली भिंतीवरचा डबा, डब्यातून बाहेरचा खांब. दोन्ही केबल एकाच शाफ्टमधून येऊन एकाच खांबावर गेल्या असतील तर तुमच्याकडे एकच लाइन आहे असं समजा. गेल्या काही वर्षांत नागपुरात मेट्रो, उड्डाणपूल, सिमेंटचे रस्ते असं खोदकाम सतत चालू आहे, जेसीबीचा एक फावडा लागला की दोन्ही सोबत जातात. पॉप म्हणजे इंटरनेट कंपनीचं आपल्या भागातलं केंद्र. सेल्सवाल्याला सरळ विचारा,

"भाऊ, तुमची केबल कोणत्या बाजूनं येते आणि कोणत्या पॉपला जाते? लिहून द्या."

तो म्हणेल आमचं रिंग आहे, काळजी करू नका. रिंग म्हणजे गोल फिरणारी केबल, एक बाजू तुटली तर दुसरीकडून चालते, पण ती त्यांच्या पॉपच्या पुढे असते, पॉपपासून तुमच्या दारापर्यंतचा शेवटचा तुकडा एकटाच असतो आणि तोच तुटतो. एक लाइन समोरच्या रस्त्याने जमिनीखालून, दुसरी मागच्या बाजूने किंवा गच्चीवरून रेडिओ लिंकने, आणि तिसरी म्हणून ५जी चा राउटर, एवढं छोट्या कंपनीला पण परवडते. दोन ९९.५ टक्क्यांच्या लाइन खरोखर वेगळ्या असतील तर दोन्ही एकदम बंद असण्याचा वेळ हिशोबाने वर्षाला १३ मिनिटांवर येतो. ४४ तासांवरून १३ मिनिटं, आणि खर्च फक्त दुसऱ्या लाइनचा. क्लाउडमध्ये एवढा फायदा एवढ्या पैशात कुठेच भेटत नाही.

किती एमबीपीएस पाहिजे याचा हिशोब अंदाजाने करू नका. रिमोट डेस्कटॉपला फार लागत नाही, व्हिडिओ कॉलला प्रत्येकी दोन-तीन एमबीपीएस धरा. लाइन खाणाऱ्या गोष्टी दोन, कॅमेरे आणि बॅकअप. ३२ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने क्लाउडवर पाठवले तर १२८ एमबीपीएस चोवीस तास, दिवसाला १.३८ टीबी. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग इथंच एनव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशीनवर, ठेवा, फक्त घटनेच्या क्लिप वर पाठवा. आणि १० टीबी जुना डेटा १०० एमबीपीएसवरून चढवायला पूर्ण वेगाने सव्वानऊ दिवस लागतात, दिवसा लोकांना काम करायचं असते म्हणजे खरे तीन आठवडे धरा. लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन) घेतानाच वेग दोन्ही दिशेने सारखा आहे का हे पक्कं करा, घरगुती ब्रॉडबँडमध्ये अपलोड कमी असू शकते आणि बॅकअपला अपलोडच लागते.

आयपीचं, म्हणजे नेटवर्कमधल्या मशीनच्या पत्त्यांचं, प्लॅनिंग कंटाळवाणं वाटते पण हे नंतर बदलायला सगळ्यात जास्त त्रास देते. बहुतेक ऑफिसांत १९२.१६८.१.० चालू असते कारण राउटर तसाच आला. हेड ऑफिस धंतोलीत, प्लांट बुटीबोरीत, गोडाऊन वाडीला, तिन्हीकडे तेच, मग व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरूनच पण बंद रस्त्याने, जोडायची वेळ आली की काहीच जुळत नाही. आत्ताच १०.१०.०.०/१६ हेड ऑफिस, १०.२०.०.०/१६ प्लांट, १०.३०.०.०/१६ गोडाऊन, १०.१००.०.०/१६ मुंबईचा क्लाउड, १०.११०.०.०/१६ डीआर असं वाटून टाका, मधे जागा सोडा. एडब्ल्यूएस आणि अझुर दोन्हीत प्रत्येक सबनेटमधले (पत्त्यांच्या गटातले) पाच पत्ते ते स्वतः ठेवून घेतात, म्हणून अगदी बारीक सबनेट करू नका. आणि ऑफिसात लोकांचे कॉम्प्युटर, मशीन चालवणारे पीएलसी कंट्रोलर, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, यावर तडजोड नाही.

जोडणीसाठी सुरुवातीला आयपीसेक प्रकारचं व्हीपीएन पुरते, दोन टनेल (असे बंद रस्ते), दोन वेगळ्या लाइनवरून, वर बीजीपी, म्हणजे राउटरने आपणच रस्ता निवडायची पद्धत, मग एक गेली की दुसरी आपोआप. डायरेक्ट कनेक्ट किंवा एक्सप्रेसराउट (क्लाउडपर्यंतची वेगळी खाजगी जोडणी) तेव्हाच घ्या जेव्हा डेटा सतत आणि जास्त जातो किंवा लेटन्सी स्थिर पाहिजे. व्हीपीएन लावल्यावर पिंग येते, छोटं पेज उघडते पण मोठी फाइल अडकते असं झालं तर लाइनवाल्याशी भांडू नका, टनेलच्या हेडरमुळे १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही, फायरवॉलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) १३५० च्या आसपास बांधून द्या. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, अगदी तासाभरासाठी पण नाही, फाइली अडकवून पैसे मागणारं रॅन्समवेअर बऱ्याचदा याच दारातून येते. आणि डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा) आणि लॉगिनचा एक सर्व्हर इथं ऑफिसात राहू द्या, नाहीतर लाइन गेल्यावर बाजूच्या टेबलावरचा प्रिंटर पण सापडत नाही.

आता इथं जे उरते त्याची खोली. क्लाउडवर गेलं तरी एक-दोन रॅक राहतातच, स्विच, फायरवॉल, एनव्हीआर, एखादा लोकल सर्व्हर. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले, आणि सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशात असावी असं अश्रे या एसीच्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेचं मार्गदर्शन आहे, म्हणजे २० अंशांचा फरक तुमच्या एसीने ओढायचा आहे. एसीवर लिहिलेले टन साधारणपणे बाहेर ३५ अंश धरून असतात. मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवर जाऊन आउटडोअर युनिटजवळ उभे राहून पाहा, पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं, खाली तापलेला पत्रा, बाजूला दुसऱ्या एसीची गरम हवा त्याच्याच तोंडावर, तिथं ५५ अंश असू शकते आणि युनिट ट्रिप होते. युनिट उत्तरेला किंवा सावलीत, एकमेकांपासून दूर लावा. १ टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट, ५ किलोवॅटच्या रॅकला कागदावर दीड टन होते, इथं दोन-दोन टनाचे दोन घ्या, एकटा पण भार ओढेल असे, टायमरवर आलटून-पालटून. आणि सर्व्हर रूममध्ये कूलर कधीच नाही, घरात वाळ्याच्या ताट्या छान वाटतात पण तीच ओलसर धुळीची हवा सर्व्हरच्या बोर्डावर बसते.

तापमानाचे सेन्सर दोन लावा. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ अंश दाखवले होते, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एकाच सेन्सरवर रात्री दोनला माणूस पळवू नका.

यूपीएसच्या लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या २५ अंशाच्या हिशोबाने बनतात, वर दर ८-१० अंशाला आयुष्य साधारण अर्धं होते, जिन्याखाली ठेवलेल्या बॅटऱ्या म्हणूनच दोन उन्हाळ्यात बसतात. एसी पण जनरेटरवर घ्या, सर्व्हर चालू आणि एसी बंद ही स्थिती पंधरा-वीस मिनिटांत खोली तापवते. खोली तळघरात नको, २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठचे तळमजले पाण्यात गेले ते सगळ्यांनी पाहिलं. प्लांटमध्ये एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल ओढू नका, फायबरच टाका, जूनच्या तोंडावर वीज पडली की तांब्यावरून आलेला झटका स्विच आणि त्याला जोडलेलं सगळं घेऊन जातो.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इनच्या, म्हणजे सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची, म्हणजे लॉग कुठे साठतात, सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली आहेत का, आणि कळवायचं कोणी, हे आधीच ठरलेलं पाहिजे. कंपनीच्या हिशोबाच्या वह्या परदेशी क्लाउडवर असतील तर रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो. बँक किंवा पतसंस्था असाल तर तुमच्या ऑडिटरला सोबत बसवूनच रीजन निवडा.

खर्चाच्या तक्त्यात एक ओळ सगळे विसरतात, क्लाउडवर डेटा चढवणं सहसा फुकट, उतरवायला पैसे लागतात. रोज रात्री अख्खा डेटाबेस खाली आणायची सवय असेल तर बिल पाहून डोळे फिरतील, फक्त बदललेला भाग आणा.

शिफ्ट करायची तारीख ५ ते ८ च्या मधे धरा, १० ला पगार, ११ आणि २० ला रिटर्न, महिनाअखेर नाहीच. त्याच्या आधी एका कामाच्या दिवशी सकाळी अकराला, सगळ्यांना सांगून, मुख्य लाइनची केबल हाताने काढा आणि दुसरीवर किती सेकंदात जाते ते घड्याळ लावून पाहा, मग यूपीएसचा मेन बंद करून जनरेटर खरंच उचलतो का ते पाहा. अडचण आली तर परत कधी फिरायचं ती वेळ आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ रविवार दुपारी चारपर्यंत बिल निघालं नाही तर जुना सर्व्हर चालू, आणि हा निर्णय कोण घेणार त्याचं नाव आणि मोबाइल नंबर रॅकच्या दारावर चिकटवा. जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका, मार्चचं क्लोजिंग आणि ऑडिट होईपर्यंत रीड-ओन्ली करून चालू राहू द्या, आणि त्याच्या यूपीएसच्या बॅटऱ्या पण काढून दुसरीकडे लावू नका.