मुखवटा भेट देताय? या चुका टाळा

वास्तुशांतीला किंवा लग्नात मुखवटा द्यायचा बेत छानच आहे. फक्त घेण्याआधी दुकानदाराला विचारा, हा नेमका कोण? बहुतेक घोळ इथेच होतात.

जपानच्या नोह नाट्यातला शिंगांचा हान्या मुखवटा फार देखणा असतो. पण ती मत्सराने जळून राक्षसी झालेली बाई आहे, नव्या जोडप्याला कशाला द्यायची? श्रीलंकेतल्या अंबलनगोडाकडचे 'सन्नी' मुखवटे तर आजारांच्या राक्षसांचे. तिथलाच मोराचा 'मयूर राक्ष' घ्या, घरात शोभतो.

देवाचा मुखवटा विचारल्याशिवाय देऊ नका. ज्यांच्या घरी गौरीचे मुखवटे बसतात, त्या काकूंना लगेच पेच पडतो: देव्हाऱ्यात ठेवायचा की भिंतीवर? जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात, म्हणजे देव-राक्षसांची सोंगं नाचवायच्या गावच्या उत्सवात, नाचवलेला जुना मुखवटा विकत मागणंही बरं नव्हे. त्यामागे गावाची श्रद्धा असते. विक्रीसाठी केलेला नवा घ्या, कारागिराकडून सोंगाचं नाव, गाव आणि लाकूड विचारून घ्या, आणि ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. माझ्या मते भेटीतला सगळ्यात मोलाचा भाग ही चिठ्ठीच. नजर तयार व्हायला पुण्यात क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संग्रहालयात एक चक्कर मारून या.

पश्चिम बंगालमधल्या पुरुलियातल्या चारिडा गावचे छाऊ नाचाचे मुखवटे माती, कागद आणि कापडाच्या थरांचे असतात. पाणी हा त्यांचा शत्रू. ओल्या फडक्याने पुसलंत की रंग गेलाच, मऊ ब्रशने धूळ झटका. जून ते सप्टेंबर बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. कुरिअर करताना आतल्या पोकळीत चुरगळलेला कागद भरा आणि मुखवटा उताणा ठेवा, म्हणजे नाकावर भार येत नाही.

लाकडी मुखवट्याखाली पिठासारखा भुगा दिसला तर आधी तो इतर लाकडी सामानापासून लांब न्या. भुगा पुसून खाली काळा कागद अंथरा. काही दिवसांत पुन्हा पडला तर कीड जिवंत आहे. तेल चोळत बसू नका, पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा.

मुलाकडे परदेशी पाठवताय? मोरपिसं लावलेला मुखवटा नको, मोरपिसांच्या निर्यातीवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते.