मधुमेही माणूस गोंधळला, विसरायला लागला तर काय तपासावं

सत्तरीतला मधुमेही माणूस जेवण झाल्यावर पुन्हा ताट मागू लागला की घरात ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटवतात. तो मिटवू नका. आधी ग्लुकोमीटर काढा.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. त्याच्याकडे साठा जवळपास नसतो. म्हणून रक्तातली साखर फार उतरली की काही मिनिटांत माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, शर्टाची बटणं लावताना अडखळतो.

तपासण्याआधी बोट साबणाने धुवून कोरडं करा. बोटाला आंब्याचा रस किंवा साखर लागली असेल तर आकडा खोटा चढतो आणि उतरलेली साखर लपते. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला तर लगेच साखर द्यायची, ५४ च्या खाली तर प्रकरण गंभीर. चहाचे भरून तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्या पाण्यात द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढीच परत द्या. सावरल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटं खायला घाला, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पेढा किंवा चॉकलेट देणं. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. दुसरी जास्त फसवी आहे. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर ते आतड्यात साध्या साखरेचं विघटन रोखतं, त्यामुळे साखरेचं पाणी वेळेवर उपयोगी पडत नाही. तिथे ग्लुकोजच लागतं. ही औषधं अनेकदा एकाच गोळीत इतर दोन औषधांबरोबर असतात, तेव्हा गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं आजच वाचून ठेवा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर साखर उतरल्यावर होणारी धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. सकाळी बनियन ओलं, डोकं जड, रात्री वाईट स्वप्नं असं वारंवार होत असेल तर पहाटे तीनच्या सुमारास एकदा साखर बघा.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली तर साखर तपासायला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवू नका. साखर उतरल्यानेही हुबेहूब असं होऊ शकतं, पण आकडा ठीक असेल तर पक्षाघात समजून निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि वेळ मोजायची ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून.

हळूहळू होणारं नुकसान वेगळं. वर्षानुवर्षं चढलेली साखर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंना रक्त कमी पडतं, एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसतात, आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस आकसू शकतो. म्हणून अनेकदा विसरण्याआधी वेग मंदावतो: बँकेची स्लिप भरायला वेळ लागतो, दोन कामं एकत्र जमत नाहीत.

असं दिसलं तर डॉक्टरांना बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्याने बी-१२ घटतं, शाकाहारी माणसात जास्तच, आणि ती कमतरता भरून काढता येते. रक्तदाबाकडेही तितकंच लक्ष हवं; बहुतेकांसाठी १३०/८० च्या खालचं लक्ष्य धरतात.

तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, एचबीए१सी, बहुतेकांचा ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पण स्मरणशक्ती ढासळलेल्या, थकलेल्या वृद्धात ८ पर्यंत चालवून घेतात, कारण साखर वारंवार खूप उतरणं त्यांच्या मेंदूला जास्त महाग पडतं. अशा माणसाला साखर फार उतरवू शकणारी ग्लिबेनक्लामाइड ही गोळी चालू असेल किंवा तो एकादशीचा उपास करत असेल, तर डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका. जाताना ग्लुकोमीटर सोबत न्या. उतरलेल्या आकड्यांच्या तारखा आणि वेळा त्यात असतात.