आश्रमातल्या बालपणावर मिश्कील लिहिताय? या चुका टाळा

1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात (पुढचं सेवाग्राम) राहायला आले. त्यानंतर नागपूरच्या आसपास ध्येयवेड्या आईबापांची कधी वानवा पडली नाही. त्यांची मुलं आता धरमपेठेत नाहीतर प्रतापनगरात नातवंडं खेळवत आठवणी लिहितात. टकळी, पहाटेची प्रार्थना, उकडलेला भोपळा, मालमसाला भरपूर. तरी दुसऱ्या पानावर जांभई येतेच.

कारण टर तत्त्वाची उडवलेली असते. अस्वादव्रत (जिभेचे चोचले न पुरवण्याचं व्रत) आणि तर्री-पोहे ही जोडी तर आता पुरे! तत्त्व कुणी सांगितलं ते सोडा, निस्तरलं कुणी ते लिहा.

अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉटनं हेच केलं. 1843 मध्ये तिचे वडील ब्रॉन्सन आणि त्यांचे मित्र चार्ल्स लेन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ‘फ्रूटलँड्स’ ही आश्रमासारखी वसाहत काढली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. दूध वर्ज्य, लोकर मेंढीची म्हणून वर्ज्य, कापूस गुलामांच्या कष्टाचा म्हणून वर्ज्य. (आपल्याकडे सुतानं स्वर्ग गाठायचा, तिकडे सूतच पाप.) सात महिन्यांत गाशा गुंडाळला. तीस वर्षांनी, 1873 मध्ये, तिनं त्यावर उपहासकथा लिहिली. तीत पीक कापून पडलंय, वादळ चढतंय आणि नेमकी तेव्हाच पुरुषमंडळींना परमात्म्याची हाक येते. मग आई पोरांना हाताशी धरून कपड्यांच्या टोपल्या आणि चादरींत धान्य भरून घरात आणते. पुढे प्रश्न येतो, इथे ओझ्याचं जनावर आहे का? आई उत्तर देते: आहे ना, एक बाई. यावर लेखिका भाषण देत नाही. आपण मात्र अशा जागी लगेच अर्धं पान ‘त्या काळच्या स्त्रिया’ सुरू करतो. ते अर्धं पान कापा.

खरी नावं वापरू नका. अल्कॉटनं वडिलांचं आडनाव ‘लँब’ केलं, लेनचं ‘लायन’. कोण कुणाला खाणार, वाचकाला तिथेच कळतं. शिवाय ज्यांच्यावर लिहाल ते पुढच्या लग्नाच्या पंगतीत शेजारीच बसणार.

शेवटच्या परिच्छेदात वडिलांना माफ करून टाकायची घाईही नको. त्याआधी आई हयात असेल तर तिला विचारून घ्या: चूल किती वाजता पेटायची, आणि सत्तेचाळीस पाहुणे जेवून उठल्यावर पातेल्यात काय उरायचं?