खाणीशेजारी शेती आहे? पाऊस गेला की हे सांभाळा

पावसाळाभर धूळ दबून असते म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, पण रस्ते सुकले, थंडी पडली की दगडखाण आणि क्रशरच्या आजूबाजूच्या शिवारात जो फुफाटा सुरू होतो तो थेट पुढच्या पावसापर्यंत. त्यातही थंडीतली सकाळ सगळ्यात वाईट. जमिनीलगतची हवा गार, वरची त्यापेक्षा उबदार, वारा पडलेला, अशा वेळी रात्री उडालेली धूळ वर जातच नाही, पिकातच तरंगत राहते आणि आपण धुकं समजून त्यात खुरपत बसतो. कामं जरा ऊन चढून हवा हलायला लागल्यावर काढा, आणि वारा खाणीकडून येत असेल तर त्या दिवशी शेताच्या लांबच्या टोकाला लागा.

पानावर दिसणारी पांढरी भुकटी बहुतेक नाकाघशातच अडकते. खरी वाईट ती 4 मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची आणि त्याहून बारीक, जी डोळ्याला दिसत नाही आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. त्यात दगडातलं स्फटिकरूप सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश असतो. वालुकाश्मात ते 70 ते 90 टक्के, ग्रॅनाईटमध्ये 20 ते 45, काळ्या बेसॉल्टमध्ये साधारण 5 टक्क्यांपर्यंत, म्हणजे खाण कुठल्या दगडाची आहे यावर बरंच अवलंबून. ही धूळ साचून फुप्फुस कडक होण्याचा जो आजार, सिलिकोसिस, तो बरा करणारं औषध नाही, शिवाय अशा फुप्फुसाला टीबी लवकर गाठतो. हे सिलिका कॅन्सर करतं हे 1997 मध्येच जागतिक पातळीवर मान्य झालंय. सिलिकोसिस मुख्यतः खाणीत राबणाऱ्यांना होतो हे खरं, पण शेतात काम नसलं की क्रशरवर जाणारे आपल्यातलेच असतात ना, आणि बाकीच्यांना दमा, खोकला, डोळ्यांची आग आहेच.

तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, ओला केला तरी बारीक धूळ आरपार जाते. एन-95 मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा, दाढी असेल तर कडेने हवा शिरते. काढणी आणि मळणीच्या दिवशी तर मास्क हवाच, कारण महिनोन्‌महिने पिकावर बसलेली सगळी धूळ त्या एका दिवसात तुमच्या तोंडावर उडते! घरी आल्यावर कपडे झटकू नका, बाहेरच काढून पाण्यात टाका, नाहीतर लेकरांनाही तीच धूळ.

धुळीने पानांची रंध्रं बुजतात, ऊन नीट मिळत नाही, आणि लाल कोळी धुळकट पानावर जास्त फोफावतो, म्हणून आधी पान धुवा मग गरज वाटली तर फवारा. धुणं सकाळीच, रात्रभर पान ओलं राहिलं तर बुरशी आलीच समजा. फुलोऱ्यात जोराचं पाणी नको. चारा झाकून ठेवा, घालायच्या आधी पाणी मारा.

पाण्याचं मात्र लोक फार हलक्यात घेतात. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, ते झिरपून विहिरीत नायट्रेट वाढू शकतं, पाणी दिसायला एकदम स्वच्छ. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे घट्ट होतं. तान्ह्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवणं धोक्याचं, म्हणून आधी पाणी तपासून घ्या, तोवर बाळासाठी दुसरं पाणी बघा.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला किंवा चढ चढताना आधी लागत नव्हता तसा दम लागायला लागला तर डॉक्टरला खाणीचं, क्रशरवर केलेल्या कामाचं स्वतःहून सांगा, किती वर्षं ते पण. आपण सांगितलं नाही तर ते विचारतीलच असं नाही. थुंकी तपासणी आणि छातीचा एक्स-रे दोन्ही करा, आणि जुना एक्स-रे फेकू नका, पुढच्या वेळी डॉक्टरला तो शेजारी ठेवून बघता येतो.